छातीतली नळी आणि धुतलेले हात

कर्करोग होऊ नये म्हणून काय करावे, हे सांगणे त्या मानाने सोपे. तंबाखू सोडा, मिश्री सोडा, आया-बहिणींची तपासणी वेळेवर करून घ्या, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण रोग झालाच, केमो सुरू झाली, आणि एके दिवशी आपला माणूस दंडातून किंवा छातीतून बाहेर आलेली एक नळी घेऊन दवाखान्यातून घरी आला, तर त्या घराने काय करायचे? या प्रश्नावर आपल्या भाषेत फारसे कोणी लिहीत नाही. दवाखान्यात सिस्टर घाईघाईत सांगते, त्यातले अर्धे आपल्याला कळते, आणि घरी येईपर्यंत त्यातलेही निम्मे विसरते. म्हणून आज या नळीविषयी.

ही नळी म्हणजे काय, ते आधी पाहू. केमोची काही औषधे फार जहाल असतात. रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन हातावरच्या लहान शिरेतून सुटून मांसात उतरले, तर तिथली कातडी आणि मांस सडते. शिवाय महिनोन् महिने टोचून टोचून हातावरच्या शिरा दोरीसारख्या कडक होतात, मग सुई लागतच नाही. यावर उपाय म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक मऊ, बारीक नळी नेऊन ठेवतात. तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो, त्यामुळे औषध लगेच पातळ होते आणि शिरेला इजा होत नाही. १९७३ साली ब्रोव्हियाक या अमेरिकन डॉक्टरांनी अशी दीर्घकाळ टिकणारी नळी काढली. पुढे सिअ‍ॅटल शहरातील डॉ. हिकमन यांनी अस्थिमज्जा बदलण्याचे उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी तिचे भोक मोठे केले. आजही छातीतून बाहेर येणाऱ्या नळीला ‘हिकमन’ म्हणतात. दंडातून आत जाते ती ‘पिक लाइन’. आणि कातडीखाली एक लहानशी डबी पुरून ठेवतात, बाहेर काहीच दिसत नाही, तो ‘केमोपोर्ट’ किंवा नुसता ‘पोर्ट’.

परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून चालू आहे. तिथे, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आपल्या समाजाची माणसे उपचारासाठी जातात. रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षेही चालतात. त्यातला बराच काळ मूल घरी असते, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी. म्हणजे नळीची निगा राखायची ती सिस्टरने थोडी, आणि आईने, आजीने, थोरल्या बहिणीने जास्त!

आणि इथेच धोका आहे. आपली कातडी ही शरीराची भिंत. नळी बसवली की त्या भिंतीला एक दार पडते, आणि ते दार थेट हृदयाजवळ उघडते. हातावरच्या जखमेत जंतू गेला तर तिथे पू होतो, चार दिवसांत बरेही वाटते. नळीतून जंतू गेला तर तो काही क्षणांत साऱ्या अंगभर फिरतो. त्यात केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत खाली उतरतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे समता सैनिक दल समजा. तेच हजेरीवर नसताना दार उघडे राहिले तर काय होईल? रक्तात जंतू पसरून रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड बंद पडते, माणूस दगावतो. कर्करोगावरचे औषध लागू पडत असतानाही या कारणाने माणसे जातात, आणि घरच्यांना वाटते की कर्करोगानेच नेले.

जंतू शिरतात दोन वाटांनी. नळी नवीन असताना, पहिल्या काही दिवसांत, ते बाहेरच्या कातडीवरून नळीच्या कडेकडेने आत उतरतात. नळी जुनी झाली की मुख्य वाट बदलते. नळीचे बाहेरचे तोंड, जिथे सिरिंज किंवा सलाइन जोडतात तिथून ते आत जातात. हिकमन नळीला कातडीखाली कापडासारख्या धाग्याचे एक कडे असते. दोन-चार आठवड्यांत त्यात मांस भरते, नळी पक्की होते आणि कडेची वाट बरीचशी बंद होते. तोंडाची वाट मात्र प्रत्येक वेळी आपण स्वतःच उघडतो. एकदा आत गेलेले जंतू नळीच्या आतल्या अंगाला चिकट थर करून राहतात, पाण्याच्या टाकीत शेवाळ धरते तसा. त्या थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही. म्हणून जंतू काढण्यापेक्षा शिरू न देणे हेच शहाणपणाचे.

हाताला जात नसते, जंतू असतात

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते करणे आम्हाला आवश्यक वाटते. “हात लावू नका”, “लांब राहा”, “आधी हात धुवा” हे शब्द आपल्या समाजाच्या कानाला फार जुने आहेत, आणि ते कडू आहेत. वॉर्डातल्या सिस्टरने आजीला “शिवू नका” म्हटले की आजीचा चेहरा उतरतो. भेटायला आलेला चुलता रागावून निघून जातो. हे आम्ही पाहिलेले आहे, आणि त्या रागामागे काय आहे हेही आम्ही जाणतो. म्हणून हा फरक स्पष्ट सांगितला पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने? शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतून! ज्याच्या ओंजळीने पाण्याला काहीही झाले नव्हते त्याला अशुद्ध ठरवायचे, आणि ज्यात जंतू ठासून भरलेले असतात ते शेण ओतून पाणी शुद्ध झाले म्हणायचे. सोवळे-ओवळे म्हणजे हेच. त्यात जंतूंचा विचार नसतो, माणसाचा जन्म पाहिला जातो. दवाखान्यातली स्वच्छता याच्या अगदी उलट आहे. तिथे नियम सर्वांना एकच. मोठ्या सर्जनने हात धुतले नसतील तर त्याचाही हात नळीला लागता कामा नये, आणि सफाई कामगार भगिनीने साबणाने नीट हात धुतले असतील तर तिचा हात त्या सर्जनच्या हातापेक्षा सुरक्षित. हा नियम आपण मानायचा तो बुद्धिवादी म्हणून, आणि डॉक्टरांकडूनही त्याचे पालन व्हावे म्हणून आग्रह धरायचा तोही बुद्धिवादी म्हणूनच.

डॉक्टरही हे सहजासहजी मानत नव्हते, हा इतिहास आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी पाहिले की ज्या विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करतात तिथे बाळंतिणी जास्त मरतात, आणि सुइणींच्या विभागात कमी. डॉक्टर मंडळी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीपाशी येत होती. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पण “सद्गृहस्थांचे हात घाण असतात” हे ऐकून घ्यायला त्या काळचे बडे वैद्य तयार नव्हते. सेमेलवाइस यांची हेटाळणी झाली. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखमेत जंतू भरूनच ते वारले. उच्चवर्णीयांचा अहंकार युरोपातही असतो, फक्त त्याला तिकडे दुसरे नाव असते.

आपल्या विषयाला अगदी जवळचे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली अशा नळ्या बसवताना पाळायच्या पाच गोष्टी एका कागदावर लिहिल्या. हात धुणे, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणे, रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापडाने झाकून स्वतः टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घालणे, शक्यतो जांघेतल्या शिरेत नळी न घालणे, आणि गरज संपली की नळी काढून टाकणे. यात नवीन असे काहीच नव्हते, सारे डॉक्टर हे जाणत होते. नवीन होती ती पुढची गोष्ट. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर सिस्टरने त्याला तिथेच थांबवायचे, असा अधिकार तिला देण्यात आला! पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये ही पद्धत लावली, आणि २००६ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. नळी बसवलेल्या दर १००० दिवसांमागे रक्तात जंतू शिरण्याचे मधले प्रमाण आधी २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले आणि दीड वर्ष खालीच राहिले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. एक कागद, साबण, आणि खालच्या माणसाला वरच्या माणसाला थांबवण्याचा अधिकार, एवढेच. आमच्या वाचकांना यातले शेवटचे वाक्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा दवाखान्यात कोणी नळीला हात लावायला आला तर “साहेब, हात धुतले का?” असे नम्रपणे विचारा. हा उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर यावर रागावणार नाही. जो रागावेल त्याला विचारणे तर अधिकच गरजेचे.

एका खोलीच्या घरात

आता घरचे. परिपत्रकात लिहिलेले असते ते प्रशस्त घर डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, नळाला सकाळी दोन तास पाणी, सार्वजनिक संडास, खोलीत सहा माणसे. तरीही नळीची निगा नीट राखता येते. फार पैसाही लागत नाही, शिस्त मात्र लागते.

पहिली शिस्त अशी की नळीची जबाबदारी घरातल्या एका, फार तर दोन माणसांनी घ्यावी. दवाखान्यात सिस्टरकडून त्यांनी ती पद्धत समोर बसून शिकावी, स्वतःच्या हाताने करून दाखवावी, आणि मगच घरी करावी. न शिकलेल्याने हात लावू नये. शिकणे जमले नाही तर त्यात कमीपणा नाही, दर आठवड्याला डेकेअरमध्ये किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन ड्रेसिंग करून घ्यावे. मात्र तिथल्या माणसाला ही नळी हाताळता येते का, ते आधी विचारून घ्यावे.

हात धुताना अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. सारे जंतू बांगड्यांखाली आणि नखांत लपतात. बांगड्या काढायला कोणाची हरकत असेल तर त्या कोपरापर्यंत वर सारून कापडाने बांधाव्यात. साबणाने बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, मनगट असे घासावे. किती वेळ? संपूर्ण त्रिशरण संथपणे म्हणून होईपर्यंत. साठवलेले पाणी असेल तर त्यात हात बुडवू नयेत, दुसऱ्याने तांब्याने ओतावे. हात झटकून, धुतलेल्या स्वच्छ कापडाने पुसावेत. साडीच्या पदराला पुसले की सगळे धुणे वाया गेले!

ड्रेसिंग बदलताना पंखा बंद करावा, म्हणजे धूळ उडत नाही. चुलीचे किंवा स्टोव्हचे काम थांबवावे, पोरांना बाहेर पाठवावे. रुग्णाने तोंड दुसरीकडे वळवावे, दोघांनीही मास्क लावावा. पारदर्शक चिकटपट्टीचे ड्रेसिंग साधारण ७ दिवसांनी, कापसाच्या गॉजचे २ दिवसांनी बदलतात. पण ओले झाले, सुटले किंवा मळले तर वार न मोजता तेव्हाच बदलावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात घामाने पट्टी सुटते, हे आमच्या मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

नळीचे तोंड उघडण्याआधी ते स्पिरिटच्या पट्टीने १५ सेकंद जोर लावून घासायचे आणि मग वाळू द्यायचे. हे वाळू देणे बहुतेक जण विसरतात. स्पिरिट जंतू मारते ते वाळता वाळता. फुंकर घालून वाळवू नये, कारण आपल्या तोंडातले जंतूच आपण त्यावर उडवतो. नळी धुण्यासाठी सलाइन सोडताना सिरिंज १० मिलीची किंवा त्याहून मोठी असावी. लहान सिरिंजचा दाब उलट जास्त बसतो आणि नळी फाटू शकते. थोडे सोडायचे, थांबायचे, पुन्हा थोडे सोडायचे. जात नसेल तर जोर करायचा नाही, दवाखाना गाठायचा. हिकमन आणि पिक लाइन वापरात नसेल तेव्हाही साधारण आठवड्याला एकदा धुतात. पोर्ट वापरात नसेल तर बऱ्याच दवाखान्यांत महिन्याने, काही ठिकाणी आता त्याहूनही लांबच्या अंतराने धुतात. आपल्या दवाखान्याची पद्धत फाइलवर लिहून घ्यावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सलाइनची किंवा हेपारीनची उघडलेली बाटली ‘उरली आहे’ म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. धर्मशाळेत शेजारच्या पेशंटबरोबर वाटूनही घेऊ नका. आपल्या माणसांचा स्वभाव वाटून खाण्याचा, तो चांगलाच आहे. पण बाटली, सिरिंज आणि सुई यांच्या बाबतीत वाटणे म्हणजे जंतू वाटणे. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात बोला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

अंघोळ रोज करावी, अंग स्वच्छ असलेलेच चांगले. पण ड्रेसिंगवर प्लास्टिक बांधून, पाणी त्या भागावर न घेता. नदी, विहीर, तलाव यांत उतरणे बंद. छातीत नळी असलेल्या भगिनींनी पदराला आणि ब्लाउजला सेफ्टी पिन लावू नये. पिनेने नळीला भोक पडते. कात्री, ब्लेड नळीच्या आसपास आणूच नये. लहान मूल कडेवर घेतले की ते नळी ओढते, म्हणून नळी आतल्या कपड्याला चिकटपट्टीने अडकवून ठेवावी. दंडात पिक लाइन असेल तर त्या हाताने हंडा उचलणे, बादली ओढणे, पाटी वाहणे बंद. हे लिहिताना आम्हाला कल्पना आहे की घरातले पाणी भरणारी तीच एकटी असते. मग नवऱ्याने भरावे, मुलाने भरावे. त्या हाताचा रक्तदाब कोणाला मोजू देऊ नये, रक्तही काढू देऊ नये. परित्राण पाठाचा दोरा बांधायचा तर दुसऱ्या हाताला बांधावा.

नळीच्या तोंडापाशी हळद, राख, अंगारा, पावडर, तेल काहीही लावायचे नाही. हळद पोळ्यात घालायची चीज आहे, नळीवर नाही. मेडिकलमधून आणलेले मलमही मनाने लावू नये. त्याने एका जातीचे जंतू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिकच्या गोळ्या घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने नळी सुरक्षित होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि खरी वेळ येते तेव्हा औषध लागू पडत नाही.

नळीचे टोपण पडले किंवा नळी फाटली, तर आधी चिमटा बंद करावा. चिमटा नसेल तर फाटलेल्या जागेच्या वर, छातीच्या बाजूला, नळी दुमडून घट्ट धरावी आणि तसेच दवाखान्यात निघावे. उघड्या नळीतून हवा आत गेली तर तीही जीवघेणी ठरते.

आणि गर्दी. रुग्णाला भेटायला अख्खी वस्ती येते. या मायेला आम्ही नावे ठेवत नाही, दुःखात धावून जाणे हीच आपली ताकद आहे. पण पांढऱ्या पेशी खाली असण्याच्या दिवसांत भेट दारातून घ्यावी, सर्दी-खोकला असलेल्याने येऊच नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाण्याची आस रुग्णालाही असते. एखाद्या वर्षी घरीच प्रतिमेसमोर वंदन केले म्हणून श्रद्धा उणी होत नाही.

ताप आला की घड्याळ पाहा

या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. नळी असलेल्या रुग्णाच्या घरात चालू स्थितीतला थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला, की तो साधा ताप नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत की घरात लग्न असो, त्याच वेळी दवाखान्यात निघायचे. “सकाळपर्यंत बघू”, “पॅरासिटामॉल देऊन बघू” यात माणसे गेलेली आहेत. गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. फक्त धोक्याची घंटा बंद होते, आणि आपल्याला वाटते बरे झाले.

काही वेळा ताप नसताही खुणा दिसतात. नळी धुतल्यावर किंवा तिच्यातून सलाइन सुरू केल्यावर तासाभरात हुडहुडी भरून आली, तर जंतू नळीतच आहेत असे जवळजवळ धरून चालावे. नळीची जागा लाल होणे, दुखणे, पू येणे, कातडीखालून नळी जाते त्या रेषेवर सूज येणे, दंड किंवा मान सुजणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे, लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तरी थांबू नये. मात्र पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर पू धरायलाही पेशी नसतात. जागा वरून स्वच्छ दिसते आणि आत विष भिनत असते. म्हणून डोळ्यांपेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

दवाखान्यात पोहोचल्यावर केसपेपरच्या रांगेत गप्प उभे राहू नका. मोठ्याने आणि स्पष्ट सांगा : “कॅन्सरचा पेशंट आहे, अमुक तारखेला केमो झाली, नळी आहे आणि ताप आहे.” हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी पोरालासुद्धा, पाठ असावे. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाची आई गावी गेलेली, बाप रात्रपाळीला. तेरा वर्षांच्या बहिणीने रिक्षा करून भावाला एका रुग्णालयात नेले. तिथल्या बाह्यरुग्ण खिडकीवर “सकाळी या” म्हणाले. पोरगी जागची हलली नाही, हेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिली. अखेर एका ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंच्या कानी ते पडले आणि अर्ध्या तासात अँटिबायोटिक सुरू झाले. मुलगा वाचला. त्या मुलीला कोणी भांडखोर म्हटले असेल. आम्ही तिला लेक म्हणतो.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी डॉक्टर दोन ठिकाणचे रक्त कल्चरसाठी घेतात, एक नळीतून आणि एक हातातून. नळीतल्या रक्तात जंतू हातातल्या रक्तापेक्षा दोन तास किंवा अधिक आधी वाढले, तर मूळ नळीत आहे असे ठरते. म्हणून “पुन्हा कशाला टोचता?” असे म्हणून अडवू नये. काही जंतूंच्या बाबतीत नळीत औषध भरून ठेवून ती वाचवता येते. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू किंवा कँडिडा ही बुरशी निघाली तर बहुधा नळी काढावीच लागते. हजारो रुपयांची नळी काढताना जिवावर येते हे खरे, पण जीव मोठा. उपचार संपल्यावर ‘राहू द्या, लागली तर’ म्हणून नळी ठेवून घेऊ नये, डॉक्टरांना काढण्याविषयी स्वतःहून विचारावे. जी नळी नाही, तिच्यातून जंतू जात नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून उचलून त्याला मंचकावर निजवले. ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. शुश्रूषा करणारा कसा असावा, याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत : त्याला औषध नीट करता यावे, काय पथ्याचे आणि काय अपथ्याचे हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस करू नये, आणि धम्माच्या गोष्टींनी रुग्णाला धीर द्यावा. रुग्णाचीही लक्षणे आहेत, आणि त्यांत एक असे की आपला आजार वाढला, कमी झाला किंवा तसाच आहे, हे त्याने शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगावे. “पोरांना कशाला त्रास” म्हणून थंडी वाजल्याचे लपवणाऱ्या आमच्या आया-आजींना हे कोणीतरी वाचून दाखवावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे नियम पाहिले की वाटते, चांगल्या नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या धड्यात ते शोभतील.

वर्षावासात गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होते. आपल्या वस्तीत कोणी नळी असलेला रुग्ण असेल, तर त्या दिवसांत वाचनानंतर महिला मंडळाने त्या घराची दोन कामे वाटून घ्यावीत : पाणी कोण भरणार, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला कोणाची रिक्षा हाकेला येणार. रिक्षावाल्याचा आणि दवाखान्याच्या डेकेअरचा फोन नंबर भिंतीवर, थर्मामीटरशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.